‘जोगवा’चे संगीत : भंडाऱ्याचा ठेका आणि मुक्तीचा स्वर

प्रास्ताविक

मराठी चित्रपटसंगीताच्या गेल्या पाव शतकाच्या वाटचालीत अजय आणि अतुल गोगावले या संगीतकार बंधूंचे स्थान महत्त्वाचे आहे. लोकसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ हे त्यांच्या संगीताचे वैशिष्ट्य म्हणून नेहमी सांगितले जाते. मात्र चर्चा बहुधा ‘मेळ’ या शब्दापाशीच थांबते. हा मेळ कोणत्या गीतात कशासाठी घातला आहे, त्यातून कोणता अर्थ निर्माण होतो आणि गीत लोकांच्या हाती गेल्यावर त्या अर्थाचे काय होते, हे प्रश्न मागे राहतात. प्रस्तुत लेखात ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाच्या संगीताच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

येथे मांडावयाचे प्रतिपादन असे की, ‘जोगवा’मध्ये लोकवाद्यांचा ठेका हा केवळ रंग भरण्यासाठी येत नाही, तो समाजाने लादलेल्या बंधनाचा नाद आहे. त्याच्या समोर येणारा तंतुवाद्यांचा विस्तार हा त्या बंधनाबाहेरच्या खासगी माणूसपणाचा स्वर आहे. चित्रपटात ही वाटणी अत्यंत अर्थपूर्ण ठरते. परंतु तीच गीते चित्रपटापासून सुटी होऊन मिरवणुकीत आणि स्नेहसंमेलनात वाजू लागतात, तेव्हा बंधनाचा नाद उत्सवाचा नाद होतो. या संगीताचे यश आणि त्याची अडचण या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आहेत.

कलाकृती आणि तिची पार्श्वभूमी

राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ हा चित्रपट राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर आधारलेला आहे. पटकथा आणि गीते संजय कृष्णाजी पाटील यांची आहेत. यल्लम्मा देवीला सोडलेली सुली (मुक्ता बर्वे) आणि जोगता म्हणून लुगडे नेसावे लागलेला तायाप्पा (उपेंद्र लिमये) यांची ही कथा आहे. दोघांचेही शरीर देवीच्या नावाने समाजाने ताब्यात घेतले आहे. त्या शरीरांत उरलेली माणसे एकमेकांना ओळखू लागतात आणि तेथून संघर्ष सुरू होतो. २००८ या वर्षाच्या छप्पन्नाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटाला अभिनय, सामाजिक आशय, संगीत दिग्दर्शन आणि पार्श्वगायन अशा विभागांत सन्मान मिळाले.

संगीतकारांनी संगीताचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. वडिलांच्या शासकीय नोकरीमुळे पुणे जिल्ह्यातील निरनिराळ्या गावांत त्यांचे बालपण गेले. ‘विश्वविनायक’ (२००१) या गणेशभक्तीच्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी परंपरागत स्तवनाला भव्य ध्वनियोजनेची जोड दिली. पुढे ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) मध्ये गोंधळ-जागरणाचा बाज चित्रपटगीतात आणला. म्हणजे ‘जोगवा’पर्यंत येताना लोकसंगीत आणि आधुनिक ध्वनिमुद्रण ही दोन्ही साधने त्यांच्या हाती रुळलेली होती. फरक इतकाच की, आधीच्या गीतांत लोकसंगीत उल्हासासाठी आले होते; येथे ते दुःखाच्या कथेत आले.

ही कथा सीमाभागातील आहे. यल्लम्माचे मुख्य स्थान कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात सौंदत्ती येथे आहे आणि जोगता-जोगतिणींची परंपरा प्रामुख्याने दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात रुजलेली आहे. तरीही मराठवाड्यातील श्रोत्याला हे संगीत परके वाटत नाही. यल्लम्मा म्हणजे रेणुका. रेणुकेचे माहूर नांदेड जिल्ह्यात आहे, लातूर जिल्ह्यात रेणापूरला तिचे मंदिर आहे, आणि तुळजाभवानीचे तुळजापूर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. नवरात्रात गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेतलेले आराधी, संबळ-तुणतुण्यावर रात्र जागवणारे गोंधळी, कडक लक्ष्मीचा पोतराज, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील वाघ्या-मुरळी हे सारे या भागाच्या स्मरणात जिवंत आहे. मंगळवारी व शुक्रवारी पाच घरी जोगवा मागण्याची रीत तर सोवळ्या-ओवळ्याच्या सर्व थरांत पाळली गेली. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात याच रीतीवर ‘जोगवा’ हे भारूड रचले. त्यांनी रूप तेच ठेवले आणि अर्थ पालटला. देवीपुढचे मागणे आत्मबोधाचे मागणे झाले. लोकविधीला नवा आशय देण्याची वाट मराठवाड्याच्या भूमीत चारशे वर्षांपूर्वीच मळलेली आहे. अजय-अतुल यांनी उलट वाट धरली. त्यांनी विधीचा आशय तसाच ठेवला आणि नाद पालटला.

लोकसंगीत आणि उन्मनी अवस्था : एक तुलना

लोकसंगीताला आधुनिक ध्वनिमुद्रणाची जोड देऊन श्रोत्याला नेहमीच्या जाणिवेपलीकडे नेण्याचा प्रयोग पाश्चात्त्य संगीतात १९६० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर झाला. त्या संगीताला ‘सायकेडेलिक’ म्हटले जाते. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ मध्ये आल्डस हक्स्ले यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात हा शब्द घडवला. मन प्रकट करणारे, असा त्याचा ग्रीक धातूंवरून अर्थ होतो. एकच स्वर दीर्घकाळ धरून ठेवणे, पुनरावृत्ती, प्रतिध्वनी, एकावर एक चढवलेले नादांचे थर ही त्याची लक्षणे होत.

या प्रवाहातील लोकसंगीताच्या शाखेत ‘द इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ हे नाव महत्त्वाचे आहे. रॉबिन विल्यमसन आणि माइक हेरॉन या स्कॉटिश जोडीची ‘द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ब्रिटनमधील खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. निर्माता जो बॉइड यांच्या साहाय्याने या दोघांनी बहुपदरी ध्वनिमुद्रणाचा उपयोग करून सतार, मोरोक्कोतील गिंब्री, हार्मोनियम, बासरी अशी दूरदूरची वाद्ये एकत्र आणली. त्यातील सुमारे तेरा मिनिटांच्या एका गीतात बहामा बेटांवरील एक भक्तिगीतही गुंफलेले आहे.

वरवर पाहता दोन्ही जोड्यांचा उद्योग सारखा दिसतो. दोन सर्जक, अनेक वाद्ये, परंपरेचा आधार, ध्वनिमुद्रणगृहाची किमया. परंतु भेद मूलभूत आहे. ब्रिटिश जोडीपर्यंत जगभरचे लोकसंगीत मुख्यतः ध्वनिमुद्रिका आणि संग्रह यांच्या मार्गाने आले. त्याचा मूळ विधीशी असलेला संबंध सुटलेला होता, म्हणून ते हवे तसे जोडता आले. भान हरपणे ही तेथे व्यक्तीने स्वखुशीने निवडलेली अवस्था होती आणि तिच्यात रूढ समाजापासून सुटण्याचे सुख होते. ‘जोगवा’तील भान हरपणे निराळे आहे. अंगात येणे हे जोगतिणीचे नेमून दिलेले काम आहे. कोणाच्या अंगात यावे, कोणत्या दिवशी यावे, त्याचा अर्थ कोणी लावावा हे समाज ठरवतो. केसांत झालेली जट ही देवीची हाक मानली गेली की त्या मुलीचे आयुष्य तेथेच ठरून जाते. एका परंपरेत उन्मनी अवस्था ही सुटका आहे, दुसरीत ती चाकरी आहे. ‘जोगवा’च्या संगीताची कसोटी यातूनच ठरते. ठेक्याने श्रोता डोलतो की नाही हा प्रश्न सोपा आहे. त्या डोलण्यातील सक्ती त्याला ऐकू येते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

‘लल्लाटी भंडार’ : सामूहिक नादाची सक्ती

‘लल्लाटी भंडार’ हे डोंगरमाथ्यावरच्या देवीकडे निघालेल्या भक्तांचे गीत अजय गोगावले यांनी स्वतः गायिले आहे. त्याची बांधणी परंपरेतून घेतलेली आहे. मुख्य गायकाने ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती झेलायची, ही गोंधळ-जागरणाची जुनी रीत येथे कणा म्हणून वापरली आहे. गायकाचा आवाज वरच्या पट्टीत, उघडा आणि किंचित फाटणारा आहे. तो सुरेलपणासाठी घासूनपुसून घेतलेला नाही. देवीला हाळी घालणाऱ्या माणसाचा आवाज असाच असतो, हे येथे ओळखलेले आहे.

या परंपरेतील चौंडकं या वाद्याचा स्वभाव येथे लक्षात घेतला पाहिजे. पोकळ नळकांड्याच्या एका तोंडाला चामडे मढवलेले असते, त्यातून ओवलेली तार हाताने ताणून धरतात आणि छेडतात. ताण कमीअधिक केला की नाद वरखाली घसरतो. त्यामुळे चौंडकं पूर्णपणे तालवाद्यही नाही आणि स्वरवाद्यही नाही. ते दोहोंच्या मधले आहे. ज्याला पुरुष म्हणून जगू दिले जात नाही आणि स्त्री म्हणूनही स्वीकारले जात नाही, त्या जोगत्याच्या हाती हे वाद्य असावे, यात एक विलक्षण औचित्य आहे. राजन गवस यांनी कादंबरीला या वाद्याचे नाव दिले, त्यातही ही जाणीव दिसते.

गीतातील ठेक्याची पुनरावृत्ती हे त्याचे सर्वांत प्रभावी अंग आहे. समूहाचा आवाज पुन्हा पुन्हा त्याच पदावर येतो आणि दर फेरीला अधिक दाट होतो. एकट्याने बाजूला उभे राहण्यास जागा उरत नाही. भक्तीचा हा वेग मोहक आहे आणि त्याच वेळी भयकारीही आहे, कारण पडद्यावर त्या गर्दीत तायाप्पा आणि सुली उभे असतात. ज्या भंडाऱ्याने कपाळ उजळते, त्यानेच त्यांचे आयुष्य माखलेले आहे. येथे संगीतकारांनी आधुनिक साधने संयमाने वापरली आहेत. वाद्यवृंदाची भर पडली तरी विधीचा कणा वाकत नाही. लोकसंगीताच्या रचनेलाच गीताची रचना मानले, हे या गीताचे मोठेपण आहे.

‘मन रानात गेलं गं’ आणि ‘जीव रंगला’ : एकट्या माणसाचा स्वर

समूहाच्या या नादासमोर दोन गीते निराळी उभी राहतात. श्रेया घोषाल यांनी गायिलेले ‘मन रानात गेलं गं’ हे स्त्रीच्या आतल्या हालचालीचे गीत आहे. जात्यावरच्या ओवीत बाई जशी कोणाला उद्देशून न बोलता स्वतःशी बोलते, तसा येथील स्वर स्वतःपुरता आहे. रान म्हणजे देऊळ नव्हे आणि गावही नव्हे. जोगतिणीच्या शरीरावर देवीचा आणि गावाचा हक्क असला, तरी मनाला जाण्यासाठी एक जागा उरते, एवढेच हे गीत सुचवते. समूहगायनाच्या लाटेनंतर हा हलका स्वर आला की श्रोत्याला प्रथमच जाणवते की या कथेत ‘मी’ म्हणणारे कोणी तरी आहे.

‘जीव रंगला’ हे हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचे युगुलगीत या संगीताचे दुसरे टोक आहे. लय संथ आहे, स्वर लांबवर धरलेले आहेत आणि मागे तंतुवाद्यांचा विस्तार आहे. विधीचा ठेका येथे मागे सरतो. हा बदल केवळ मधुरतेसाठी नाही. दोन देवाला वाहिलेली माणसे जेव्हा एकमेकांची होऊ पाहतात, तेव्हा त्यांच्यासाठी विधीत नाद शिल्लक नसतो. चौंडकं देवीचे आहे, झांज देवीची आहे, गळाही देवीच्या नावाने मोकळा करायचा आहे. म्हणून त्यांच्या प्रेमाला बाहेरून नाद आणावा लागतो. वाद्यवृंद येथे पाश्चात्त्य म्हणून येत नाही. तो विधीचा नसलेला म्हणून येतो. ज्याला सामान्यतः ‘फ्युजन’ म्हटले जाते, ते या चित्रपटात दोन नादविश्वांचे मीलन नसून त्यांचा झगडा आहे.

तथापि येथेच एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. विधीच्या गीतासाठी रांगडा आवाज आणि प्रेमाच्या गीतासाठी गझलेत मुरलेला मृदू आवाज, ही निवड एक गृहीतक सूचित करते. प्रेमाची कोवळीक व्यक्त करण्यास लोकगळा असमर्थ आहे, असे ते गृहीतक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ओवी, लावणी, बंजारा स्त्रियांची गीते यांत विरहाच्या आणि ओढीच्या अत्यंत सूक्ष्म छटा आहेत. संजय पाटील यांचे शब्द बोलीच्या वळणाचे आहेत. स्वर मात्र नागर आहे. तायाप्पाच्या तोंडी तो गळा क्षणभर उपरा वाटतो. राष्ट्रीय पुरस्कारांत हरिहरन यांना सर्वोत्कृष्ट गायकाचा सन्मान याच गीतासाठी मिळाला, आणि श्रेया घोषाल यांचा सन्मानही हे गीत व एक बंगाली गीत यांसाठी होता. गायनाची गुणवत्ता निर्विवाद आहे. परंतु विधीत ओरडणारा गळाच प्रेमात हळुवार होताना ऐकू आला असता, तर एकाच माणसाची दोन रूपे आवाजातून प्रकट झाली असती. ती शक्यता या संगीताने सोडून दिली.

चित्रपटाबाहेरचे आयुष्य

ध्वनिमुद्रित गीताचे आयुष्य चित्रपटगृहात संपत नाही. ‘लल्लाटी भंडार’ आज नवरात्राच्या मंडपात, लग्नाच्या वरातीत आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात ऐकू येते. तेथे तायाप्पा नसतो आणि सुलीही नसते. उरतो तो केवळ ठेका. हिरवी साडी, कपाळभर भंडारा आणि मोकळे सोडलेले केस ही समूहनृत्याची वेशभूषा होते. टाळ्यांच्या गजरात अंगात येण्याचा अभिनय पार पडतो आणि पुढील कार्यक्रम जाहीर होतो.

या दृश्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही, कारण त्यामागे कायद्याचा आणि चळवळीचा इतिहास आहे. मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तो येथे लागू नव्हता. कर्नाटकात १९८२ मध्ये मुली देवाला सोडण्यास बंदी घालणारा कायदा झाला. महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा केला. मुली सोडणे हा गुन्हा ठरला, पण सोडलेल्या स्त्रियांचे वार्धक्य, त्यांच्या मुलांच्या नावापुढे लागणारे नाव आणि गावातील त्यांचे स्थान हे प्रश्न कायद्याच्या कलमाने सुटत नाहीत. ज्या प्रथेविरुद्ध चित्रपट उभा आहे, तिचेच सौंदर्य त्याच्या संगीतामुळे सर्वदूर पोहोचले, हा विरोधाभास आहे.

या विरोधाभासाचा दोष संगीतकारांवर टाकणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. विधीचे संगीत निष्प्रभ केले असते, तर माणसे त्यात का अडकतात हे प्रेक्षकाला कळलेच नसते. बंधन सुंदर असते म्हणून ते टिकते. ‘जोगवा’च्या संगीताने हे सत्य लपवले नाही. प्रश्न ऐकणाऱ्यांचा आहे. तो विशेषतः शिक्षणसंस्थांचा आहे, कारण स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर जे येते ते शिक्षकांच्या नजरेखालून येते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. गीताच्या श्रेयनामावलीत संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे येतात. परंपरेचे नाव तेथे लिहिता येत नाही. वरातीत ध्वनिवर्धकावर गोंधळाच्या धाटणीचे गीत वाजते, तेव्हा त्याच गावातील संबळवादकाला निमंत्रण असेलच असे नाही. एका अर्थी लोकसंगीत पूर्वी कधी नव्हते इतके ऐकले जात आहे; ते वाजवणारा हात मात्र ऐकणाऱ्यांच्या नजरेबाहेर जात आहे. पुढे ‘सैराट’ (२०१६) च्या वेळी याच संगीतकारांनी हॉलिवूडमध्ये सिंफनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले. मराठी संगीताचा हा विस्तार अभिमानास्पद आहे. त्या विस्ताराच्या प्रमाणात माहूर-तुळजापूरच्या वाटेवरील वादकाचे स्थान विस्तारले का, हा प्रश्न मात्र अभिमानाच्या भरात विसरता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘जोगवा’च्या संगीतात लोकवाद्ये व वाद्यवृंद यांचे एकत्र येणे हे शैलीपुरते मर्यादित नाही. विधीचा ठेका हा सामूहिक सक्तीचा आणि तंतुवाद्यांचा विस्तार हा व्यक्तीच्या मुक्तीच्या आकांक्षेचा वाहक झाला आहे.

२. पाश्चात्त्य सायकेडेलिक लोकसंगीतात भान हरपणे हे स्वातंत्र्य होते. ‘जोगवा’त ते लादलेले कर्तव्य आहे. म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही.

३. ‘लल्लाटी भंडार’ हे गीत लोकसंगीताची बांधणीच स्वीकारते, यामुळे ते या संगीतातील सर्वांत अस्सल गीत ठरते. ‘जीव रंगला’ हे नाट्यदृष्ट्या अचूक असले, तरी प्रेमासाठी नागर गळ्याचा आश्रय घेऊन ते लोकगळ्याच्या सामर्थ्यावर अविश्वास दाखवते.

४. चित्रपटापासून सुटे झालेले विधिगीत आपली टीका गमावते. ती टिकवण्याची जबाबदारी ते सादर करणाऱ्यांवर आणि सादर करवून घेणाऱ्यांवर येते.

स्नेहसंमेलनात हे गीत नको, असा या विवेचनाचा आशय नाही. ते जरूर व्हावे. मात्र त्यापूर्वी विद्यार्थ्यांनी ‘चौंडकं’ वाचलेली असावी, जवळच्या गावातील एखादा गोंधळी वा आराधी मानधन देऊन महाविद्यालयात बोलावलेला असावा आणि ज्या कपाळावर भंडारा लावायचा त्या कपाळामागे कोणाचे आयुष्य गेले याची दोन वाक्ये तरी रंगमंचावरून सांगितली जावीत. एकनाथांनी जोगव्याचा अर्थ पालटून तो समाजाला परत दिला. अजय-अतुल यांनी त्याचा नाद समाजाला परत दिला आहे. त्या नादाला अर्थ जोडून देण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते वर्गात बसून करता येण्यासारखे आहे.